चौथी ‘ब’चे ब्रदर

“सिस्टर, जरा बघता का? हात कापलाय!”

ड्रेसिंगच्या खोलीत कपाटात डोकं खुपसून कुणीतरी गॉजच्या गुंडाळ्या रचत होतं. तिची हाक ऐकून ते कुणीतरी वळलं. त्या कुणीतरीला चांगली काळीभोर मिशी होती.

“सिस्टर नाही,” मिशी म्हणाली. “ब्रदर. बसा इथे. हात वर धरा… असा, शपथ घेतल्यासारखा.”

ती बसली नाही. बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. चौथी ‘ब’च्या या बाईंना शाळेतले सगळे पाठीमागे ‘भिंगरी’ म्हणत, आणि मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, तोंडावरही म्हणत. वर्गात तिच्यासाठी खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर वर्षभर वह्यांचे गठ्ठेच बसायचे. बसस्टॉपवर पाच मिनिटं थांबायची पाळी आली तर ही पुढच्या स्टॉपपर्यंत चालत निघायची, आणि मधल्या रस्त्यात बस डोळ्यांदेखत निघून गेली की नावं बसला ठेवायची.

“बसा हो,” तो पुन्हा म्हणाला. “चक्कर आली तर उचलायला आज मी एकटाच आहे.”

“मी काही चक्कर येणाऱ्यातली नाही.”

“पडायच्या आधी सगळे असंच म्हणतात.”

ती बसली. हाताला गुंडाळलेला रुमाल सुटला, आणि तळव्यावरची ती लांबलचक चीर बघून तिला खरोखरच गरगरलं. पण हे सांगेल तर ती कसली? ती आपली समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

“कशानं कापलं?”

“पत्र्यानं. बिस्किटांच्या डब्याच्या.”

“एवढ्या घाईनं खायची बिस्किटं?”

“दिवा करत होते!” ती फणकारली. “फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा. सोमवारपासून वर्गात शिकवायचीय मला. लढाईतल्या जखमी शिपायांची शुश्रूषा केली ना तिने, रोज रात्री हातात दिवा घेऊन एकेका खाटेपाशी जायची. म्हटलं, पोरांना दिवा दाखवावा.”

त्याचा चिमट्यातला कापसाचा बोळा हवेतच थांबला. “कसला करत होता दिवा?”

“चित्रांत असतो तसाच. पुढे चोच, मागे कान…”

“म्हणजे घासला की राक्षस निघतो तो?”

“तुम्ही जखम बघा ना!”

“बघतोय. पण बाई, तिचा दिवा तसा नव्हताच. घडीचा कंदील होता तो. कापडाचा, भात्यासारखा मिटणारा, आत मेणबत्ती. चित्रकारांना चोच आवडली, म्हणून चोचीचा झाला.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे माझा हात फुकटच कापला?”

“अगदी फुकट कसा? धनुर्वाताचं इंजेक्शन मिळणार आहे की.”

डॉक्टर आले, तीन टाके घालून घाईघाईने पुढच्या पेशंटकडे गेले. पट्टी मात्र त्याने बांधली. एवढ्या मिशीवाल्या माणसाचे हात इतके हलके असतील असं कुणाला वाटलं नसतं. पट्टीचं शेवटचं टोक त्याने आत खोचलं आणि म्हणाला, “दिवसाआड यायचं. ओला करायचा नाही, आणि… स्थिर ठेवायचा. जमेल?”

“बघू,” ती म्हणाली आणि दारापर्यंत पोचलीसुद्धा.

दिवसाआड! हा शब्द ज्याने काढला त्याला कधी कुणाची वाट बघावी लागली नसणार. ड्रेसिंगचा दिवस कसा भुर्रकन जायचा, आणि मधला कोरडा दिवस काही केल्या संपायचा नाही. वाऱ्याचे दिवस होते. शाळेच्या खिडक्या आपटायच्या, फळ्यावरची खडूची धूळ डोळ्यांत जायची, आणि या बाई पाढे म्हणून घेता घेता तीनदा दारापर्यंत जाऊन यायच्या. दारात काय होतं? काही नव्हतं. मैदान होतं, आणि मैदानापलीकडे दवाखान्याची पिवळी भिंत होती.

तिसऱ्या ड्रेसिंगला तिने विचारलं, “तुम्ही या ना एकदा वर्गात. पोरांनी आजवर नर्स पाहिलीय ती इंजेक्शनवाली. त्यांना कळू दे या कामात काय काय असतं.”

“मी? पोरांना नर्स म्हणून बाई बघायची असेल. मला बघून पैसे परत मागतील.”

“माझ्या वर्गात शिस्त आहे.”

“वर्ग शांत बसतो?”

“बसतो.”

“मग बाई का शिकल्या नाहीत त्यांच्याकडून?” असं म्हणत त्याने तिचा हलणारा हात नीट टेबलावर ठेवला आणि क्षणभर… एकच क्षण, तसाच धरून ठेवला. का, तर पट्टी सरळ बसावी म्हणून. असं निदान त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

तिने मान खाली घातली. “याल ना… ब्र…” पुढचं तिला उच्चारता येईना. सगळा दवाखाना त्याला ब्रदर म्हणायचा. म्हातारे म्हणत, पोरंसोरं म्हणत, डॉक्टरही म्हणत. कालपर्यंत तीही म्हणत होती. आज मात्र तो शब्द घशातून बाहेर यायलाच तयार नव्हता. असल्या माणसाला ब्रदर म्हणायचं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. कळलं आणि ती इतकी गांगरली की चप्पल उलटसुलट घालून बाहेर पडली.

बुधवारी त्याची सुट्टी असायची. बुधवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेली मिशी, हातात पट्ट्यांचं गाठोडं. पोरांमधून पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच ‘शंका’ने. ही पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी. हिचा हात वर नसला की वर्गाला चुकल्यासारखं वाटे, म्हणून हिचं नाव शंका पडलं होतं.

“बाई, नर्स तर बाई असते ना?”

“असं कोण म्हणालं?” त्यानेच उत्तर दिलं. “जो आजाऱ्याची काळजी घ्यायला शिकतो तो नर्स. नाइटिंगेलबाईंच्या आधी लोकांना वाटायचं हे काम कुणीही करेल, त्यात शिकायचं काय? तिने शिकवण्याची शाळा काढली. म्हणून मी आज इथे आहे. तिने हट्ट केला नसता तर मी कुठेतरी… काय बरं… मिशा विकत बसलो असतो.”

वर्ग खळखळून हसला, आणि तिथून पुढे वर्ग त्याचा झाला. त्याने पट्टी कशी गुंडाळायची ते दाखवलं. पोरांच्या हाताला खडूची पूड लावून सगळ्यांना एकमेकांशी हात मिळवायला लावले, आणि एका हातावरची पूड शेवटच्या बाकापर्यंत कशी गेली ते दाखवलं. मग म्हणाला, “आता खरी गंमत सांगतो. त्या लढाईत सगळ्यात जास्त शिपाई कशानं मेले?”

“गोळी!” “तलवार!” “तोफ!”

“नाही. घाणीनं. जखमेनं मेले त्यांच्याहून कितीतरी जास्त माणसं साथीच्या रोगांनी मेली. आणि हे तिने नुसतं सांगितलं नाही, मोजलं. मोजून त्याचं चित्र काढलं. गोल, पाकळ्यापाकळ्यांचं. ज्या कारणानं जास्त मेले त्याची पाकळी मोठी. मोठ्या मोठ्या साहेबांना आकडे वाचायचा कंटाळा असतो, पण चित्र कुणीही बघतं.”

हे ऐकताना ती भिंतीला टेकून उभी होती. तासभर ती एका जागी उभी होती, आणि हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. लक्षात आलं ते दुसरंच. तो बोलता बोलता मागे मागे सरकत होता, आणि त्याच्या कोपरामागे टेबलावर रंगाच्या पाण्याचा भरलेला तांब्या होता. तांब्याशेजारी सत्तावीस पोरांची चित्रं होती. कोपर तांब्याला लागलं. हाक तर मारायला हवी. ब्रदर म्हणवेना. नाव घ्यायचं धाडस नाही. आणि वेळ तर अजिबात नाही…

“अहो!”

“ओ?” तो म्हणाला, सहज, वर्षानुवर्षं म्हणत आल्यासारखा, आणि त्याने मागे न बघता तांब्या झेलला.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग शंकाचा हात वर गेला.

“बाई, आमची आई बाबांना अशीच हाक मारते.”

आणि चौथी ‘ब’ जी फुटली! पोरं बाकांवर लोळली. तिचे कान तापले. तिने फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच काल लिहिलेली तारीख पुसून तीच तारीख पुन्हा लिहिली. तो मात्र तांब्या हातात धरून उभा, मिशीतल्या मिशीत हसत. त्याचेही कान लाल झाले होते, पण ते बघायला तिने मागे वळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात पोरांनी स्वतःचं चित्र काढलं. महिनाभरात वर्गात कोण कोण गैरहजर होतं आणि का, ते हजेरीपटावरून काढलं. लग्नाची पाकळी छोटीशी, तापाची जरा बरी, ‘उगाच’ नावाची एक गुलाबी पाकळी, आणि पोटदुखीची निळी पाकळी कागदाबाहेर जाईल एवढी. “एवढी पोटं का दुखली?” शंका म्हणाली, आणि दुपारच्या सुट्टीत पोरांनी गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण शोधलं. झाकण नव्हतंच. कबुतरं मात्र भरपूर होती. चित्र मोठ्या बाईंच्या टेबलावर गेलं, आणि जी टाकी तीन वेळा अर्ज करून साफ झाली नव्हती ती एका निळ्या पाकळीनं दोन दिवसांत साफ झाली. नाइटिंगेलबाईंचा हात इतक्या वर्षांनी इतक्या लांब गच्चीवर पोचला होता. त्या आनंदात तिने त्याला ही बातमी द्यायला मैदान अर्धं पळत ओलांडलं.

तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला होता. हातात एक लांब लिफाफा.

“टाकी साफ झाली!” ती म्हणाली.

“माझी निवड झाली,” तो म्हणाला.

दोघंही एकदम बोलली, म्हणून दोघांना पुन्हा सांगावं लागलं. लढाई चालू होती त्या टापूत जखमींसाठी एक छावणी उभी राहिली होती. तिथल्या दवाखान्यात नर्स हवे होते. एका वर्षासाठी. त्याने सहा महिन्यांपूर्वीच नाव दिलं होतं, तिचा हात कापायच्या कितीतरी आधी. आता शेवटचा अर्ज तेवढा भरून द्यायचा होता, शनिवारी एक वाजेपर्यंत. सोमवारी निघायचं.

“अरे वा,” ती म्हणाली. “मग… दिलात अर्ज?”

“नाही अजून.”

“का?”

त्याने तिच्याकडे बघितलं, मग लिफाफ्याकडे. “एक अडचण आहे,” तो म्हणाला. आणि तेवढ्यात आतून कुणीतरी “ब्रदर!” म्हणून ओरडलं, आणि तो उठून गेला.

एक अडचण आहे. झालं! या तीन शब्दांनी तिची झोप उडवली. अडचण कसली? कुणाची? मीच तर नाही? एकदा वाटे, आपणच आहोत, आणि गालांना ऊब येई. लगेच वाटे, आपण कुणाच्या वाटेतली अडचण व्हायचं? शी! मग वाटे, एकच शब्द तर बोलायचाय. ‘जाऊ नका.’ आपण एवढं म्हटलं तर तो राहील. नक्की राहील. आणि तिथे खाटांच्या रांगा असतील, त्यातल्या एका खाटेपाशी एक माणूस कमी असेल.

घरी तिने एकाच संध्याकाळी कपड्यांचं कपाट तीनदा लावलं. आई दारात उभी राहून बघत होती.

“हात बरा झाला ना तुझा?”

“हो.”

“टाके निघून आठ दिवस झाले ना?”

“हो गं.”

“मग काल ड्रेसिंगला कशाला गेली होतीस?”

तिने पुन्हा एक कप्पा रिकामा केला. आईने कपाटातला तिचा दुपट्टा काढला, घडी केली, पुन्हा ठेवला. “मी काही विचारत नाही,” आई म्हणाली. “पण घरात फेऱ्या मारून फरशी झिजते, माणूस कळत नाही. त्यालाच जाऊन विचार.”

“विचारून काय करू? तो राहिला तर मला वाईट वाटेल, गेला तर जीव जाईल.”

“मग अवघड आहे बाई,” आई म्हणाली, आणि तीही एक साडी काढून पुन्हा तिची घडी घालू लागली.

शनिवार उजाडला. सकाळची शाळा. धड्याचा शेवटचा दिवस म्हणून पोरांनी त्याला हट्टाने बोलावलं होतं. तो आला, मागच्या बाकावर बसला. शर्टाच्या खिशातून लिफाफ्याचं टोक डोकावत होतं. ती त्या टोकाकडे बघायची नाही म्हणून सगळीकडे बघत होती.

“नर्स व्हायचं म्हटल्यावर तिच्या घरी काय झालं?” ती शिकवत होती, इकडून तिकडे फिरत. “घरचे श्रीमंत. त्यांना हे काम हलकं वाटायचं. आई रागावली. बहीण रडली, आजारी पडली. वर्षानुवर्षं घरात हेच चाललं.”

“बाई, तिला कुणी मागणी नव्हती घातली?” शंका.

“घातली होती. चांगला माणूस होता, तिलाही आवडायचा. पण ती नाही म्हणाली.”

“का?”

“तिला वाटलं, मग हे काम होणार नाही.”

“म्हणजे काम करायचं असेल तर लग्न करता येत नाही?”

सगळा वर्ग पुढे सरकला. मागच्या बाकावरचा माणूसही पुढे वाकला.

“तेव्हा तिला तसं वाटलं,” ती सावकाश म्हणाली. “आता… आता माणसं दोन्ही करतात. कठीण असतं, पण करतात.” मग घाईघाईने पुढे, “बरं, सांगा बघू. तिच्या घरच्यांनी तिला आनंदाने जाऊ द्यायला हवं होतं, असं कुणाकुणाला वाटतं? हात वर!”

सत्तावीस हात वर गेले. काहींनी तर दोन्ही केले. ती हात मोजायला लागली आणि मोजता मोजता तिला कळलं की पंधरा दिवस पोरांना ज्या बाईचं कौतुक सांगितलं, तिची ती रडणारी बहीण आता आपण झालो आहोत.

“बाई,” शंका म्हणाली, “तुमचा हात?”

सगळ्या माना वळल्या. तो बघत होता. अगदी सरळ. आता हात वर केला तर संपलं, तो जाणार. नाही केला तर… तर या सत्तावीस पोरांसमोर पुन्हा कधी खडू धरायला तोंड राहणार नाही. तिच्या हाताला मणाचं वजन आलं होतं. तरी तिने तो उचलला. नुकत्याच भरलेल्या जखमेची गुलाबी रेघ सगळ्या वर्गाला दिसली.

घंटा झाली, पोरं वाऱ्यासारखी पळाली. व्हरांड्यात तो तिच्यामागून आला.

“तुम्ही हात वर केलात.”

“मग काय करणार होते? पोरांना एक शिकवायचं आणि आपण दुसरं करायचं?”

“आणि पोरं नसती तर?”

“पोरं नसती तर तुमचा अर्ज चुरगळून गिळला असता! वर तांब्याभर पाणी प्यायले असते!” तिने व्हरांड्यात एक फेरी मारली. “गुरुवारपासून एकच वाक्य तोंडात घेऊन फिरतेय मी. जाऊ नका, जाऊ नका… जेवताना तेच, वह्या तपासताना तेच. एका पोराच्या वहीत ‘छान’ लिहायच्या ऐवजी ‘जाऊ नका’ लिहिलं. त्याच्या आईने चिठ्ठी पाठवली, कुठे जायचं नाही म्हणून!”

तो आधी हसला. मग हसू थांबलं. “हे… हे मला माहीत नव्हतं.”

“आता कळून काय उपयोग? हात वर केलाय मी. आता म्हणणार नाही. जा तुम्ही.”

“मी जाणारच होतो.”

ती चमकली. “मग ती अडचण?”

“ती अर्जात आहे.” त्याने लिफाफा काढला, आतला कागद उलगडला आणि खाली एका जागी बोट ठेवलं. रकान्यावर छापलं होतं, ‘काही बरेवाईट झाल्यास कोणास कळवावे.’

“आईबाबा लहानपणीच गेले,” तो म्हणाला. “मावशीनं वाढवलं. गेल्या वर्षी तीही गेली. बाकी सगळा अर्ज दहा मिनिटांत भरला. या रकान्यापाशी मात्र गुरुवारपासून पेन घेऊन बसतोय. इतक्या वर्षांत किती जणांचे असले कागद भरून घेतले मी, कधी वाटलं नाही की आपल्याकडे लिहायला कुणी नसेल… काल रात्री एक नाव लिहिलं. पण विचारल्याशिवाय द्यायचं कसं? आणि विचारायचं कसं?”

तिने कागद जवळ घेतला. तिचंच नाव होतं ते. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, खाली घरचा पत्ता.

“माझं सगळं नाव कुठून कळलं तुम्हाला?”

“तुमच्या केसपेपरवर होतं.”

तिचे डोळे भरून आले. काही बरंवाईट झालं तर… नको तो विचार! पण झालंच तर जगातल्या सगळ्या माणसांत तिला कळावं, असं त्याला वाटलं होतं. तिने डोळे पुसले आणि शेजारचा रकाना वाचला. ‘अर्जदाराशी नाते.’ आणि त्यात वळणदार अक्षरात एक शब्द.

परिचित.

“हे काय आहे?”

“काय?”

“परिचित? मी परिचित?” तिचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. “वाण्याचं दुकान परिचित असतं! कोपऱ्यावरचं कुत्रं परिचित असतं!”

“मग काय लिहायचं? मी आपल्या मनानं काय लिहिणार? तुम्ही एकदाही…”

“किती वाजले?”

“साडेबारा.”

“चला!”

ती निघाली. तो तिच्यामागून. रस्त्यात धूळ उडत होती, तिचा पदर वाऱ्याने त्याच्या तोंडावर येत होता, आणि ती एकटीच बोलत होती. परिचित म्हणे! तांब्या झेलला तेव्हा ‘ओ’ म्हणताना बरा नाही परिचित वाटला! तो मधूनमधून “अहो, पण ऐका तरी…” म्हणत होता, आणि ती ऐकत नव्हती. अर्ज घ्यायच्या कचेरीच्या खिडकीशी ते पोचले तेव्हा एकला आठ मिनिटं कमी होती. खिडकीत चष्म्याचे काका डबा उघडायच्या बेतात होते.

“एक मिनिट,” ती म्हणाली. पर्समधून तिने वह्या तपासायचं लाल पेन काढलं, ‘परिचित’वर सरळ एक रेघ मारली, वर दोन शब्द लिहिले आणि कागद आत सरकवला.

काकांनी चष्मा खाली ओढला. “लाल शाई? हा काय परीक्षेचा पेपर आहे?”

“चूक होती, सुधारली.”

काका वाचू लागले. “नाव, बरोबर… पत्ता, बरोबर… नातं, परिचित, खोडलं… होणारी बायको.” ते थांबले. एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. “हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“अर्ज कुणाचा?”

“यांचा.”

“यांना माहितीय का?”

“आत्ता कळलं,” तो म्हणाला. त्याला एकदम धाप लागली होती, चालण्याची म्हणावी तर पोचला तेव्हा ती नव्हती.

“एक वर्ष,” ती त्याच्याकडे न बघता पुटपुटली. “तीनशे पासष्ट दिवस. मला वाट बघता येत नाही, सांगून ठेवते. रोज भांडेन मनातल्या मनात. पत्राला उशीर झाला तर छावणीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडेन. पण त्या रकान्यात दुसरं काही लिहून जायचं नाही… आता बोला काहीतरी!”

तो वाकून खिडकीआतल्या त्या दोन लाल शब्दांकडे बघत होता.

“हे बघा,” काका घड्याळाकडे बघत म्हणाले, “खाडाखोड केली की बाजूला अर्जदाराची सही लागते. नाहीतर अर्ज बाद. दुरुस्ती मान्य असेल तर सही करा, नसेल तर नवीन अर्ज आणा. सात मिनिटं आहेत.”

“मान्य,” तो म्हणाला. कट्ट्यावर बांधलेलं पेन त्याने ओढलं, दोरी आखूड पडली म्हणून खिडकीत अर्धा वाकला आणि त्या दोन लाल शब्दांना खेटून सही केली.

काकांनी फुंकर घालून शाई वाळवली, शिक्का मारला आणि कागद गठ्ठ्यावर टाकला. “झालं. व्हा आता बाजूला,” असं म्हणून त्यांनी डबा उघडला. पण त्या दोघांतलं कुणीच खिडकीपासून हललं नाही.